सळईवरची रेघ कुठून आली? आधी टेप लावा

घणसोलीच्या एका साइटवरच्या तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: कळंबोलीच्या एका डेपोतून १२ एमएमची फे ५००डी (५०० हा ताकदीचा आकडा, डी म्हणजे जास्त ताणली-वाकवली जाणारी) सळई ५ टन आली. पहिला टन मोकळा करून पाहिला तर तीन भानगडी निघाल्या. सात-आठ सळ्यांवर लांबच लांब सरळ रेघ आहे, नख अडकतं. काही सळ्यांवर ठरावीक अंतराने एक रिब, म्हणजे अंगावरची उंच कड, तुटल्यासारखी दिसते. आणि बारबेंडरने दोन सळ्या वाकवल्या त्या बाहेरच्या अंगाने तडकल्या. सप्लायर म्हणतो, "साहेब, खपली आहे, घासली की जाते." खपली म्हणजे तापलेल्या लोखंडावर धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा. मिलचा माणूस म्हणतो, बिलेट (ज्यातून सळई लाटतात तो पोलादाचा चौकोनी ठोकळा) बाहेरून घेतलं होतं, आमचा दोष नाही. मग दोष कोणाचा, आणि माल ठेवायचा की परत करायचा?

मी ३१ वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली. आधी ठाणे-बेलापूर रस्त्याला कळव्याच्या बाजूला, नंतर तळोज्यात. फोरमन म्हणून शिव्या खाल्ल्या आणि क्वालिटीत बसल्यावर दिल्याही. म्हणून आधीच सांगतो, या तीन दुखण्यांना तीन वेगळी कारणं आहेत. त्यांची एकच मोट बांधून "माल खराब आहे" म्हणालात की समोरचा माणूस सुटलाच म्हणून समजा.

साइटवर हातात येते ती १२ मीटरची सळई. मिलमध्ये ती तेवढी कधीच नसते. १०० बाय १०० चं, ६ मीटर लांबीचं बिलेट धरा. वजन साधारण ४७० किलो. त्याचा छेद १०,००० चौरस मिलिमीटर, १२ एमएम सळईचा ११३. म्हणजे माल जवळपास ८८ पट लांब होतो. एका बिलेटमधून ५००-५३० मीटरचा एकच अखंड गज निघतो आणि त्याचे तुकडे पडून ४३-४४ सळ्या होतात. तुमच्या एका टनात १२ एमएमच्या सुमारे ९४ सळ्या, म्हणजे ढोबळमानाने दोन बिलेटं. हा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. बिलेटच्या अंगावर १ सेंटिमीटरची उभी चीर असेल तर ती सळईवर पाऊण-एक मीटरची रेघ होऊन येते. भट्टीत बिलेटचा एखादा पट्टा थंड राहिला तर तो एका सळईत दिसतच नाही. दोन-चार सळ्या पूर्णच्या पूर्ण जाड निघतात, बाकीच्या बरोबर असतात, आणि साइटवरचा माणूस गोंधळतो की एकाच बंडलात वजन वेगवेगळं कसं.

म्हणून दोष पाहिला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: तो सलग आहे, ठरावीक अंतराने परत येतो, की मनाला येईल तिथे आहे? मिलमध्ये तापलेला माल रोलच्या जोड्यांमधून एकामागून एक दाबत नेतात. एक जोडी म्हणजे स्टँड, तिच्यातून एकदा जाणं म्हणजे पास, रोलवर कोरलेला चर म्हणजे गाळा, आणि माल नीट गाळ्यात नेतो तो गाइड. दोष सलग असेल तर गाइड किंवा पास. परत येत असेल तर रोल. विखुरलेला असेल तर बिलेट किंवा भट्टी. याला अपवाद आहेत, पण दहातल्या आठ वेळा इथेच निम्मं काम होतं, आणि त्याला टेपशिवाय काही लागत नाही.

सोपं आधी घेऊ, तुटलेली रिब. तुम्ही लिहिलंय की अंतर ९४ सेंटिमीटर आहे, दोष सळईच्या एकाच बाजूला आहे आणि दरवेळी ब्रँडच्या त्याच अक्षरानंतर येतो. इतकं नीट मोजल्याबद्दल शाबासकी. माझ्या हाताखालच्या पोरांना हे शिकवायला वर्ष लागायचं. ब्रँडचं नाव शेवटच्या स्टँडच्या रोलवर कोरलेलं असतं. रोल एक फेरा मारतो तेव्हा ते अक्षर पुन्हा सळईवर उमटतं. रोलचा कामाचा व्यास ३०० मिलिमीटर असेल तर परीघ ९४२ मिलिमीटर. काही मिल एका फेऱ्यात नाव दोन-तीनदा कोरतात, तेव्हा एकाच अक्षराची नेमकी तीच खोदाई ओळखून मोजावं लागतं. कोरीव कामात बारीक फरक असतोच. तर तुमचा दोष ब्रँडच्या अक्षराशी बांधलेला आहे, म्हणजे तो शेवटच्याच स्टँडचा, आणि एकाच बाजूला आहे, म्हणजे दोनपैकी एकाच रोलचा. रोलच्या गाळ्यात रिबसाठी कापलेली खाच असते. ती खपलीने बुजली असेल, किंवा दोन खाचांमधल्या लोखंडाचा टवका उडाला असेल. रोलवर पाणी कमी पडलं की पृष्ठभागावर जाळीसारख्या तापभेगा पडतात आणि मग असे टवके निघायला लागतात. इथे बिलेटचा काडीचा संबंध नाही. बिलेट बाहेरून घेतलं असो की घरचं असो.

आता याच हिशेबाची गंमत. आमच्याकडे एका पावसाळ्यात १२ एमएमवर नखाएवढा पोपडा यायला लागला, ठरावीक अंतराने. रात्रपाळीने शेवटचे रोल बदलले. पोपडा तसाच. दिवसपाळीने परत बदलले. तसाच. दोन रोलजोड्या वाया, मिल सहा तास बंद, आणि मालकाचा फोन दर पंधरा मिनिटांनी. आमचा जुना रोल टर्नर, म्हणजे रोलचे गाळे कापणारा, चौथी शिकलेला माणूस, टेप घेऊन सळ्या गार होतात त्या कूलिंग बेडवर गेला आणि म्हणाला, "अंतर ११३ येतंय. आपला शेवटचा रोल ९४ चा. हा डाग शेवटच्याचा नाहीच, आधीच्याचा आहे." शेवटच्या पासच्या आधी अंडाकृती पास असतो, आम्ही त्याला लीडर म्हणतो. लीडरच्या रोलवर टवका उडाला की सळईवर खड्डा पडत नाही, उंचवटा येतो. तो उंचवटा पुढच्या पासमध्ये दाबला जाऊन पोपडा होतो. आणि शेवटच्या पासमध्ये माल सुमारे १.२ पट लांबतो, म्हणून लीडरच्या रोलचं ९४ सेंटिमीटर पुढे जाऊन ११३ होतं. लीडर उघडला तर मसुराएवढा टवका निघालेला. मी तेव्हा डिप्लोमाधारक होतो आणि मला ते सुचलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.

दोष जितका मागच्या स्टँडचा, तितकं अंतर वाढत जातं. मधल्या ट्रेनच्या, म्हणजे मधल्या स्टँडच्या रांगेतल्या, रोलचा डाग असेल तर दोन डागांमधलं अंतर १२ मीटरपेक्षाही जास्त निघू शकतं. मग साइटवर तो "विखुरलेला" वाटतो. मघाशी अपवाद म्हणालो तो हा. अशा वेळी कापायच्या आधीची अखंड लांबी कूलिंग बेडवर पाहावी लागते, आणि ते फक्त मिलवाल्याला शक्य आहे.

एक रिब तुटल्याने माल परत करायचा का? माझ्या मते नाही. रोलच्या एका फेऱ्यात १२ एमएमवर एका बाजूला शंभरावर आडव्या रिबा असतात, त्यातली एक गेली तर काँक्रीटची पकड सुटत नाही. पण सगळ्याच रिबा बुटक्या असतील तर मात्र मी हटून बसेन. आयएस १७८६ मध्ये, म्हणजे सळईच्या भारतीय मानकात, रिबांच्या क्षेत्रफळाची किमान मर्यादा दिली आहे. १२ एमएमला ती दर मिलिमीटर लांबीला १.८ चौरस मिलिमीटर आहे. रिबा बुटक्या होतात त्या गाळा झिजल्याने, किंवा लीडरमधून माल कमी आल्याने गाळा पूर्ण न भरल्याने. आणि माल कमी का येतो, तर बऱ्याचदा मुद्दाम. आपल्याकडे मापात पाप म्हणतात तेच. १२ एमएमचं वजन मीटरला ८८८ ग्रॅम हवं. आयएसने लॉटला ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतलंय, म्हणजे खाली ८४४ पर्यंत. ती सूट यंत्राच्या चुकीसाठी आहे, पण बाजारात "मायनस" रोलिंग हा धंद्याचाच भाग होऊन बसलाय. वजनावर माल घेत असाल तर तुमचे पैसे जात नाहीत, छेद जातो. नगावर घेत असाल तर दोन्ही जातं.

आता रेघ. हे खरं दुखणं.

तुमच्या फोटोत रेघ सळईच्या दोन्ही बाजूंना आहे, एकमेकींच्या बरोबर समोर, आणि दोन्ही उभ्या, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, रिबांपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे पाव फेऱ्यावर. ही जागा फार बोलकी आहे. लीडरच्या अंडाकृती गाळ्यात माल जास्त आला की तो दोन रोलमधल्या फटीतून दोन्ही बाजूंना बाहेर येतो. भाकरी थापताना कडेने पीठ निसटतं तसं. या बाहेर आलेल्या पातळ कडेला आम्ही फिन म्हणतो. पुढच्या पासमध्ये अंडाकृती माल पाव फेरा फिरवून उभा घालतात, म्हणजे ती फिन गाळ्याच्या बरोबर तळाशी आणि माथ्याशी जाते आणि दाबून आडवी होते. वरून सपाट दिसते, पण आत खपलीसकट घडी पडलेली असते. ती चिकटत नाही, कधीच नाही, कारण मध्ये ऑक्साइडचा पदर असतो. मालाला पुन्हा कितीही ताव दिला तरी तो पदर विरघळणार नाही. आणि शेवटच्या पासमधली फट जिथे असते तिथे उभ्या रिबा येतात. म्हणून लीडरमधली घडी उभ्या रिबांपासून नेमकी पाव फेऱ्यावर सापडते. तुमची रेघ तिथेच आहे.

शेवटच्याच पासमध्ये माल जास्त झाला तर घडी पडत नाही, नुसत्या उभ्या रिबा जाड आणि धारदार होतात, कारण पुढे दाबायला कोणी नाही. रेघ एकाच बाजूला असती तर मी आधी गाइडकडे बोट दाखवलं असतं. गाइडचा रोलर अडकला, त्याचं बेअरिंग गेलं, किंवा गाइडमध्ये लोखंडाचा कण चिकटून बसला की तो सळईला सलग ओरखडत राहतो. मोठ्या मिलमध्ये १२ एमएम फाडून, म्हणजे एकाच मालाच्या दोन सळ्या करून काढतात. तिथे फाडलेल्या जागेचा व्रण नीट गोल झाला नाही तर तोही एकाच बाजूला घडी होऊन येतो. बिलेटमधून आलेली चीर मात्र इतकी शिस्तीची नसते. ती वाकडीतिकडी, मध्येच तुटणारी, कधी एका बाजूला कधी दुसऱ्या बाजूला असते.

ओरखडा की घडी, हे कानशीने कळतं. रेघेवर आडवी कानस मारा. तीन-चार हातांत रेघ गेली तर ओरखडा. रेघ जात नाही आणि खोल जाताना बाजूला सरकते, तिरकी होत जाते, तर घडी. आणखी खात्री हवी असेल तर व्यासाच्या दीडपट उंचीचा तुकडा कापून उभा ठेवा आणि प्रेसखाली दाबा. घडी असेल तर डाळिंबासारखी उघडते. आणि मिलवाला "बिलेटचा दोष" म्हणून अडूनच बसला तर तुकडा प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. चीर बिलेटमध्ये असेल तर ती भट्टीतल्या ११००-१२०० अंशांत तासभर तरी राहिलेली असते, तिच्या कडांमधला कार्बन जळून जातो आणि तिथे पांढरट पट्टा दिसतो. रोलिंगमध्ये पडलेल्या घडीला तेवढा वेळच मिळालेला नसतो. हा पुरावा वादात टिकतो. मी स्वतः दोन्ही बाजूंनी वापरलाय.

मग लीडरमध्ये माल जास्त का आला? इथे तुमचा आकडा कामाला येतो: टनात सात-आठ, म्हणजे बिलेटमागे तीन-चार. सगळ्याच सळ्यांवर रेघ असती तर मी म्हणालो असतो की आधीच्या पासची फट उघडी राहिली, किंवा गाळा झिजला. तसं नाही. बिलेटच्या एका टोकालाच हे होतंय. चालत्या मिलमध्ये दोन स्टँडच्या मध्ये मालाला थोडा ताण असतो, पुढचा स्टँड किंचित ओढत असतो. ताणाने माल बारीक राहतो. शेपूट मागच्या स्टँडमधून सुटलं की ताण संपतो आणि तेवढा तुकडा जाड होतो. मधल्या ट्रेनमध्ये दोन स्टँडमधलं अंतर ३ मीटर धरा आणि तिथून पुढे माल १५ पट लांबतो असं धरा. ४५ मीटर होतात. बारा-बाराने कापले की पावणेचार सळ्या. तुमच्या मोजणीशी जुळतंय ना? म्हणजे या मिलने मोटरचे वेग जुळवताना मधल्या ट्रेनमध्ये ताण जरा जास्त ठेवलाय, आणि शेपूट कापून टाकायला हवं होतं तेवढं कापलेलं नाही. शेपूट कापलं की उतारा, म्हणजे बिलेटमागे मिळणारा विकाऊ माल, कमी येतो, आणि उताऱ्यावर सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह असतो. कारण कुठे दडलेलं असतं पाहा.

फक्त एक शंका मी बाजूला ठेवतो: थंड बिलेट. बिलेटं ढकलत पुढे नेतात त्या पुशर भट्टीत शेवटी शेवटी घाईने ढकललेलं बिलेट आतून पुरेसं तापलेलं नसतं. थंड माल रोलला जास्त रेटतो, स्टँड ताणून फट उघडते, आणि पुढच्या पासला माल जाड जातो. पण ते झालं असतं तर वजनातही फरक दिसला असता. रेघवाल्या सळईचा आणि साध्या सळईचा एक-एक मीटर तोलून पाहा. दोन-चार ग्रॅमचा फरक सोडून द्या. तीस-चाळीस ग्रॅम आला तर भट्टीवर संशय घ्या.

बिलेटबद्दल बोलायचं म्हणजे वेगळा प्रश्न होईल, पण मिलवाल्याने ते नाव घेतलंच आहे म्हणून थोडं. आपल्या भागातल्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्नवर चालतात. पावसाळ्यात भंगार ओलं येतं. ओल्या भंगाराने भट्टीत स्फोट होतो तो वेगळाच, पण थोडी ओल राहिली तरी पोलादात हायड्रोजन जातो आणि बिलेटच्या कातडीखाली टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. साच्याला लावायचं मोहरीचं तेल ओलसर असलं तरी तेच. ही भोकं मिलच्या तापवण्याच्या भट्टीत उघडी पडली की आतून खपली धरतात आणि सळईवर बारीक केसासारख्या रेघा उमटतात, ठिकठिकाणी. बिलेट चौकोनाऐवजी शंकरपाळ्यासारखं तिरपं आलं, म्हणजे साच्यात चारही बाजूंनी सारखं गार झालं नाही, तर ते पहिल्याच पासमध्ये पिळतं. भंगारात मोटरच्या वाइंडिंगसकट तुकडे पडले तर तांबं येतं. लोखंड जळून खपली होतं, तांबं जळत नाही, ते खपलीच्या खाली साठत जातं आणि १०८५ अंशाला वितळून कणांच्या सीमांमध्ये शिरतं. अशा सळईचं अंग मगरीच्या कातडीसारखं दिसतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. तुमच्या सळईला यातलं काही नाही.

आता तडकलेल्या दोन सळ्या. इथे मी जरा बारबेंडरची बाजू सोडून बोलणार आहे, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की फळीवर २० एमएमचा सळईचा तुकडा पिन म्हणून ठोकला होता. १२ एमएमच्या फे ५००डी सळईची वाकवण्याची चाचणी तिप्पट व्यासाच्या पिनवर होते, म्हणजे ३६ मिलिमीटरवर. साध्या फे ५०० ला तर चौपट, ४८. तुमच्या माणसाने पावणेदोन पटीत दुमडली. चांगली सळई तेही सहन करते बऱ्याचदा, पण नाही केलं तर तिला नापास म्हणता येणार नाही. दुसरं, या सळ्या ट्रकमध्ये बसाव्यात म्हणून डेपोत मध्ये दुमडून आल्या होत्या का? तुम्ही ते लिहिलेलं नाही. दुमडलेली जागा साइटवर सरळ केली, पंधरा दिवस पडून राहिली आणि नेमकी तिथेच पुन्हा वाकवली, तर पोलाद तिथे म्हातारं झालेलं असतं. नायट्रोजनमुळे होतं ते. आयएसमध्ये रिबेंड चाचणी आहे ती याचसाठी: सळई वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, गार करून उलटी वाकवायची. उकळत्या पाण्यातला अर्धा तास म्हणजे यार्डात पडून काढलेल्या कितीतरी दिवसांचं सोंग.

हे दोन्ही नसेल तर तडा पाहा. तडा सळईच्या लांबीला समांतर असेल तर ती वर सांगितलेली घडीच वाकताना उघडली, वेगळा दोष नाही. तडा आडवा असेल, रिबच्या बुडाशी, तर पोलाद ठिसूळ आहे किंवा पाणी जास्त बसलंय. ठिसूळपणात पहिला आरोपी फॉस्फरस. इंडक्शन भट्टीचं अस्तर सिलिकाचं असतं, त्यात फॉस्फरस काढता येत नाही. भंगारातून जेवढा आला तेवढा पदरात. फे ५०० ला ०.०५५ टक्के चालतो, ५००डी ला ०.०४० च. म्हणून "डी" लिहिण्यापुरतं सोपं आणि ओतायला अवघड. टेस्ट सर्टिफिकेटवर गंधक आणि फॉस्फरस दोन्ही ०.०३९ असे साजरे आकडे दिसले की मला हसू येतं. दोघांची बेरीज ०.०७५ च्या आत हवी, ही अटही आहे, ०.०७८ झाली की सर्टिफिकेट लिहिणाऱ्याने नियम अर्धाच वाचला.

दुसरा आरोपी पाणी. टीएमटीमध्ये, म्हणजे तापलेली सळई पाण्याने झटकन गार करून कडक करायच्या पद्धतीत, शेवटच्या स्टँडमधून हजार अंशांच्या आसपास निघालेली सळई पाण्याच्या नळ्यांतून सेकंदाच्या आत पार होते. वरची कातडी कडक होते, आतली ऊब ती कातडी परत ६०० अंशांच्या आसपास तापवते, आणि कडकपणातला ठिसूळपणा जातो. हे सगळं पाण्याच्या दाबावर आणि नळीत सळई मध्यभागी राहण्यावर अवलंबून. तळोज्यात मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी कोमट व्हायचं, टाकीत खपलीचा गाळ साचायचा, अर्ध्या नोझल बुजायच्या. सळई नळीच्या तळाला घासत जायची. अशी सळई कापून, छेद घासून, अल्कोहोलमध्ये मिसळलेलं थोडं नायट्रिक अ‍ॅसिड लावलं की काळं कडं दिसतं. चांगल्या सळईत ते पूर्ण, सारख्या जाडीचं. आमच्याकडे त्या दिवसांत चंद्रकोर दिसायची. एका अंगाला जाड, दुसरीकडे गायब. अशी सळई कूलिंग बेडवरच केळीसारखी वाकते, आणि जाड कड्याचं अंग बाहेर ठेवून दुमडली तर तडकू शकते. पाणी उशिरा सुरू झालं तर आणखी एक मजा: सळई सेकंदाला १० मीटर धावत असेल आणि व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा उघडला, तर पहिले ५ मीटर कोरेच जातात. ते तडकत नाहीत, उलट मऊ असतात, म्हणून साइटवर कोणी तक्रार करत नाही. ओढून पाहिलं तर ५०० येणार नाही.

मग तुम्ही काय करायचं. रेघवाल्या सळ्या वेगळ्या काढा, सगळ्या पाच टनांतून. माझ्या हिशेबाने पस्तीस-चाळीस निघाव्यात. त्या परत द्या, बदली मागा, आणि घडी लीडरची आहे हे सांगा. मिलमधल्या जाणत्या माणसाला पुढचं बोलावं लागणार नाही. सप्लायरला "खपली" म्हणू देऊ नका. खपली वायर ब्रशने जाते, घडी जात नाही. तुटक्या रिबवाल्या सळ्या वापरा, फक्त रिबांची उंची बाकी ठिकाणी ठीक आहे ना ते पाहा. तडकलेल्या दोन्ही सळ्यांचे राहिलेले तुकडे टाकू नका. त्यावरचा टॅग, हीट नंबर (पोलादाच्या एका ओतीचा क्रमांक) जपा. त्याच हीटच्या तीन सळ्यांतून नमुने काढा, एकही नमुना दुमडलेल्या जागेचा नको, आणि एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत ताण, वाकवणं, रिबेंड आणि रासायनिक, चारही चाचण्या करा. ते येईपर्यंत उरलेला माल कॉलममध्ये घालू नका. स्लॅबचं काम अडलं असेल तर दुसऱ्या हीटचा लावा. फळीवरची पिन मात्र आजच बदला, त्याला प्रयोगशाळेची गरज नाही.

रिपोर्ट आला की आडव्या तड्याचे आणि कड्याचे फोटो पाठवा. काढताना शेजारी टेप ठेवा, आणि ब्रँडचं अक्षर फोटोत येऊ द्या.